चौदा नंबरची कोरी काच

या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते, आणि खरं सांगू का, बऱ्याच वेळा हसते. राग मानू नका. मी उसाच्या फडात वाढलेली आहे. पाचटाच्या कोपीत झोपायचं, चारी बाजूंनी ऊस. टोळीतल्या बायका सांगायच्या, पाटाच्या पलीकडं कुणी उभं असतं, हाक मारतं... मला कधी कुणी दिसलं नाही. मी भ्याले ती सापाला आणि मुकादमाला, आणि ते दोन्ही खरेच होते. तेव्हा हे भुताचं नाही. भूत असतं तर त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

माझं शिक्षण सातवी. तीही अर्धी. चुका दिसतील त्या दुरुस्त करून घ्या. नावं बदलली आहेत.

मी मूळची बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की आई-वडील टोळीबरोबर चिकोडीकडच्या कारखान्याला ऊस तोडायला यायचे. सातवीच्या सहामाहीनंतर मी पण आले, ती परत शाळेत बसलेच नाही. मी एकोणीस वर्षांची असताना आईच्या हातावर कोयता बसला. टाके घालून पण बोटं हलेनात, म्हणून तिला बेळगावला आणलं. त्या हॉस्पिटलात आईच्या गोळ्यांच्या वेळा मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून कॉटला अडकवल्या होत्या. डॉक्टरांचा घोळका आला आणि त्यातल्या एक मॅडम तिथंच थांबल्या.

“हे कुणी लिहिलं?”

मला वाटलं, कॉटला कागद लावायचा नसतो. म्हटलं, “चुकलं मॅडम, काढते.”

“काढू नको. एवढं बारीक आणि सरळ माझे एम.डी.चे विद्यार्थी पण लिहीत नाहीत. काम करशील?”

त्या शैला मॅडम. आईचा हात सुधारला, टोळी परत गेली, मी राहिले. मॅडमनी मला लॅबमध्ये घेतलं, वडगावात राहायला खोली बघून दिली, बसवरची कानडी पाटी वाचायला शिकवली. माझ्या आधार कार्डावर अजून त्यांच्याच घराचा पत्ता आहे. गावाकडं आई देवापुढं दिवा लावताना मॅडमचं नाव घेते. पुढचं वाचताना हे विसरू नका. मी पण विसरलेली नाही.

आमची लॅब मेडिकल कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून डावीकडं तिसरी खोली. कातडीचा बारीक तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर घ्यायचे. काचेच्या एका टोकाला खरखरीत पट्टी असते, तिच्यावर नंबर घालायचा. पेन्सिलनंच. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते, “आन् पेशंट बेवारस हुतो,” असं आमचे टेक्निशियन बसूअण्णा म्हणायचे. मला मॅडमनी ठेवलं होतं ते या नंबरांसाठीच. माझ्या अक्षरासाठी.

मॅडम निपाणीच्या. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. वखारीत जन्म गेलेल्या काही बायकांचे हात म्हातारपणी बधिर झाले होते, ते कशामुळं, याचा शोध मॅडम घेत होत्या. त्यासाठी एक अँटीबॉडी लागायची. सुपारीएवढ्या बाटलीच्या तळाशी चार थेंब, बर्फाच्या डब्यातून बंगळूरहून यायची. मी विचारलं, हे काय करतं? मॅडम म्हणाल्या, “आपल्या मज्जातंतूंमध्ये एक एन्झाइम असतं. ही अँटीबॉडी म्हणजे अशी पोस्टमन, जिला तेवढा एकच पत्ता पाठ आहे. सगळं गाव फिरेल, पण त्याच दाराशी जाऊन बसेल.” मग आपण रंग घालायचा. जिथं ती बसली असेल तिथं तपकिरी रेष उमटते, बाकी कातडी निळी. रेष दिसली म्हणजे तिथं मज्जातंतू आहे. नाही दिसली तर... नाही.

आणि प्रत्येक पेशंटच्या दोन काचा करायच्या. एकीवर अँटीबॉडी. दुसरीवर अँटीबॉडीऐवजी साधं द्रावण, बाकी सगळं तंतोतंत तेच. ही दुसरी कोरीच निघाली पाहिजे. मॅडम म्हणायच्या, “सुमन, कोरी काच म्हणजे आपला साक्षीदार. तो खोटं बोलला तर बाकी कुणावरच विश्वास ठेवायचा नाही.”

चौदा नंबरच्या पेशंट तानाक्का. निपाणीत, स्टँडच्या मागच्या गल्लीत घर. मॅडम आणि मी सकाळीच गेलो होतो. तानाक्का पंच्याहत्तरीच्या पुढच्या, तोंडात एकही दात नाही, पण जीभ भलतीच तिखट.

“माझं कातडं बेळगावला जानार व्हय? बघा, मला कुनी न्हेलं न्हाय, कातडं मातुर गाडीत बसून चाललं!”

मॅडमनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि हातावर ठिकठिकाणी सुई टोचली.

“टोचतंय आक्का?”

“न्हाय.”

“आता?”

“न्हाय की. कवाच गेलंय ते. चुलीवरचं भगुनं तसंच उचलतो मी, वास आला की कळतंय भाजलं म्हनून.”

मी बर्फाच्या डब्यातून भुलीची बाटली काढून मॅडमना दिली आणि हात सरळ धरायला म्हणून तानाक्कांचं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच होते त्यांचे.

“अगं बया! किती गार हाय गं तुझा हात.”

मॅडम थांबल्या. त्यांनी तीच गार बाटली हळूच तानाक्कांच्या हातावर टेकवली. “आता काय वाटतंय?”

“कुटं काय?”

मॅडमनी सुई, कापूस, परत बाटली असं सगळं करून बघितलं. काही नाही. मला परत हात धरायला लावला. तानाक्का लगेच, “ही आली बघा गार हाताची.”

कातडीचा तुकडा घेऊन येताना गाडीत मॅडम म्हणाल्या, “योगायोग असतो गं. म्हातारी माणसं अंदाजानं बोलतात.” मी व्हय म्हटलं. मॅडम म्हणतील ते.

आता पुढचं नीट सांगते, कारण सगळं इथंच आहे.

पहिल्यांदा चौदा नंबर लावला तेव्हा अँटीबॉडीची काच निळीच्या निळी निघाली. एक रेष नाही. ते बरोबरच होतं, हात बधिर होता. पण कोरी काच... तिच्यावर रेषा होत्या. कातडीच्या वरच्या थरात चढत गेलेल्या, बारीक, मण्यामण्यांच्या. शिकवायच्या पुस्तकात असतात तशा.

बसूअण्णा मायक्रोस्कोपवरून, आम्ही त्याला दुर्बीणच म्हणतो, डोकं काढून हसायला लागले. “अय्यो सुमनक्का, काल कुनाच्या लग्नात जेवून आलतीस? काचा बदलल्यास की!”

मी तशी घाबरट आहे. गॅस बंद केला का ते तीनदा बघणारी. काचा मी बदलल्या नव्हत्या, पण तशी खात्री कशी द्यायची? मॅडम रागावल्या नाहीत. “होतं. परत कर.”

दुसऱ्यांदा मी काप घ्यायच्या आधीच कोऱ्या काचेच्या पाठीवर हिऱ्याच्या टोकानं बारीक फुली ओरखडली. काचेतच. ती पुसता येत नाही. आणि ती काच वेगळ्या भांड्यात, वेगळ्या टेबलावर ठेवली. परत तेच! फुलीवाल्या काचेवर रेषा. त्या दिवशीच्या बाकी सगळ्या पेशंटच्या कोऱ्या काचा मात्र स्वच्छ.

या वेळी बसूअण्णा हसले नाहीत. मॅडमच्या कपाळावर आठी आली. “सुमन, लक्ष कुठं असतं तुझं?” एवढंच. पण अकरा वर्षांत त्या मला असं कधी बोलल्या नव्हत्या. मी दोन दिवस नीट जेवले नाही. मला भुताची नाही, मॅडमच्या मनातून उतरायची भीती होती. बेळगावात मला दुसरं होतं कोण?

त्याच सुमारास अँटीबॉडी संपली. नवीन बाटली यायला पंधरा दिवस होते. बसूअण्णांनी रजिस्टरात लाल पेनानं ‘संपली’ लिहून रिकामी बाटली टाकून पण दिली. इमारतीत अँटीबॉडीचा एक थेंब नव्हता. तेव्हा मॅडम म्हणाल्या, “रविवारी दुपारी ये. माझ्या हातानं करते.”

रविवारी आम्ही दोघीच. मॅडमनी स्वतः काप काढले, पाच पेशंटच्या पाच कोऱ्या काचा. नंबर त्यांनी त्यांच्या अक्षरात घातले. भांडी नवीन, सगळ्या बाटल्यांची सीलं माझ्यासमोर फोडली. मी फक्त पाणी बदलत होते. खाली स्कूटर स्टँडवर कुणीतरी किक मारत होतं, गाडी काही चालू होत नव्हती. असलं सगळं मला आठवतंय.

चार काचा स्वच्छ निळ्या. पाचवी दुर्बिणीखाली ठेवल्यावर मॅडम हललेल्याच नाहीत. मग उठून मला बसवलं.

“काय दिसतंय?”

“रेषा.”

“किती?”

मी मोजल्या. “सात.”

“मला पण सातच.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. त्यांनी माझा खांदा धरला. “सुमन, तुझी काही चूक नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. हे आत्ता कुणाला बोलू नको, मी सांगेन. वेळ बघून सांगेन. रजिस्टरात लिही.”

मी लिहिलं – ‘अँटीबॉडी नाही. पाचही कोऱ्या. १४ – रेषा ७. हजर: शैला मॅडम, सुमन.’ त्या रविवारी मी वडगावपर्यंत चालत गेले. रेषा कशा आल्या, हा विचार मनात आलाच नाही. तुझी चूक नव्हती, एवढंच डोक्यात. मला रडू येत होतं आणि हसू पण.

महिन्याभरानं बंगळूरहून मोठे सर आले. मॅडमचं काम पुढं चालू ठेवायचं की नाही, ते सर ठरवणार होते. मी काचांचा डबा धरून मॅडमच्या खुर्चीमागं उभी. सर रजिस्टर चाळत होते, त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं.

“ये फोर्टीन का ब्लँक तीन बार पॉझिटिव्ह कैसे?”

मला वाटलं, आली वेळ. आता मॅडम सांगतील.

मॅडम म्हणाल्या, “अटेंडंट एरर, सर. काच बदल गयी. शी हॅज स्टडीड ओन्ली अप टू सेव्हन्थ.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कीव आल्यासारखं. मग परत पान बघितलं. “और ये थर्ड टाइम? यहाँ आप का नाम है.”

“मैं उस संडे को निपाणी में थी, सर.”

मॅडम इतक्या सहज बोलल्या, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच निपाणीत होत्या का काय! तोंडातून निघून गेलं – “मॅडम, तुम्हीच तर...”

“सुमन, जरा बाहेर थांब.”

मी बाहेर थांबले. डबा हातातच होता.

सर गेल्यावर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कोरा कागद. ‘माझ्याकडून नजरचुकीने काचांची अदलाबदल झाली’ असं माझ्या हस्ताक्षरात लिहून हवं होतं. फाइलला लावायला.

“मॅडम, तुम्ही बघितलं ना पण? सात मोजल्या आपण.”

त्या खिडकीकडं बघत होत्या. “सुमे, वखारीतल्या बाईची पोरगी म्हणून मला इथं किती वर्षं हसले, तुला माहीत आहे? अँटीबॉडीशिवाय रेषा आल्या म्हणून सांगितलं असतं तर माझं सगळं काम फेकून दिलं असतं त्यांनी. हे काम त्या बायकांसाठी आहे. तुझं काय जाणार आहे सांग? तुला कोण विचारणार आहे?”

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण समोर बसलेल्या बाईनं माझ्या आईचा हात वाचवला होता. मी लिहिलं. बारीक, सरळ. ज्या अक्षरासाठी मला ठेवलं, त्याच अक्षरात माझ्यावरचा आरोप मीच लिहून दिला. खाली सही केली. मॅडमनी कागद घेताना म्हटलं, “थँक्यू.” आणि मी – काय सांगू तुम्हाला – मी म्हटलं, “असू दे मॅडम.”

पुढच्या महिन्यात माझी हॉस्टेलच्या मेसमध्ये बदली केली. चूक केलेल्या बाईला लॅबमध्ये ठेवता येत नाही, नियम आहे. चपात्या लाटते. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी चांगल्या आहेत.

ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी काही ना काही कारण दिलंच. कुणी म्हणे रंग जुना असेल, कुणी म्हणे भांडं खरकटं राहिलं असेल. पण तसं असतं तर सगळी काच गढूळ तपकिरी होते, आणि शेजारच्या चारही झाल्या असत्या. मोजून सात रेषा येत नाहीत. आणि अँटीबॉडीच्या काचेवर काहीच का नाही, हे तर कुणीच सांगत नाही. एकदा बसूअण्णा मेसमध्ये चहाला आले तेव्हा हळूच म्हणाले, “सुमनक्का, ती रविवारची काच डब्यात न्हाय बरं का. मॅडमच्या ड्रॉवरात हाय. कदी कदी दार लावून बसतात, दुर्बीन चालू असती.” मी विचारलं, मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं? ते चहा संपवून उठून गेले. त्यांनाही पोरंबाळं आहेत.

एक गोष्ट राहिली.

तानाक्कांनी त्या दिवशी संमतीच्या कागदावर अंगठा देताना मला बजावलं होतं, “माझ्या कातड्यात काय घावलं तर येऊन सांग गं. डाक्टरीन सांगनार न्हाय.” ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून मागच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी निपाणीची बस धरली. दुपारचे बारा-साडेबारा असतील. तानाक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. डोळ्यांना आता फारच कमी दिसतं, त्यांनी मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं, शेजारी बसले, आणि सगळं सांगितलं. रेषा, रविवार, सर, कागद, मेस.

त्या कान देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “सात हुत्या व्हय?”

“सात.”

“मग हाईत की अजून.” आणि हसल्या.

मला वाटलं होतं त्या मॅडमना शिव्या देतील. मलाच ऐकायच्या होत्या बहुतेक. पण त्यांनी फक्त हात पुढं केला. मी त्या हातावर हात ठेवला. बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवे पण.

त्यांनी मान वर केली.

“ताप हाय गं तुला.”

मला सकाळपासून कणकण होती. मेसमध्ये सांगितलं असतं तर मावशी सुट्टीच्या दिवशी झोपून राहा म्हणाल्या असत्या, म्हणून कुणालाच बोलले नव्हते. परत येताना स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये बघितलं. शंभर पॉइंट आठ.

याचं उत्तर माझ्याकडं नाही. कातडीच्या त्या कापात रेषा कशा आल्या, सुई न कळणाऱ्या हाताला माझाच हात कसा कळतो – मी सातवी शिकलेली, मला कुठून कळणार. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

बसमध्ये बसल्यावर मी मोबाइल काढला आणि मॅडमचा नंबर लावला. अकरा वर्षांची सवय. काहीही झालं की आधी मॅडमना सांगायचं. मॅडम, तानाक्कांना माझा ताप कळला हो! असं सांगायचं होतं. एक रिंग गेली. मग आठवलं, की त्या घरात मी आणि तानाक्का दोघीच होतो. आणि साक्षीला तिसरं कुणी असतं तरी काय... त्या रविवारी मॅडमनी स्वतःच मोजल्या होत्या ना?

मी फोन कट केला. त्यांचा उलटा फोन आला नाही.